चार पेल्यांत एक बाटली

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने सूचना केली, की डॉक्टरांनी या खेपेस रोगांविषयी लिहू नये, आपापल्या छंदाविषयी लिहावे. सूचना स्तुत्य आहे. परंतु तिच्यामुळे माझी थोडी पंचाईत झाली. बालरोगतज्ज्ञाचा छंद म्हटला की बागकाम, नाट्यसंगीत, फार तर पक्षिनिरीक्षण अशी वाचकांची अपेक्षा असते. माझा छंद निराळा आहे. गेली अठरा वर्षे मी देशोदेशीच्या बिअर चाखतो आणि त्यांच्या चवीची टिपणे लिहून ठेवतो. गुजरात राज्य १९६० साली अस्तित्वात आले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. म्हणून कायदाप्रेमी वाचकांच्या समाधानासाठी नमूद करतो, की या लेखातील एकही घोट बडोद्यात घेतलेला नाही. बहुतेक घोट युरोपात, परिषदांच्या आणि नातलगांच्या निमित्ताने झालेल्या प्रवासांत घेतले. थोडे मुंबईत आणि दमणला.

'चाखतो' हे क्रियापद मी विचारपूर्वक योजिले आहे. आमचे चौघांचे मंडळ आहे : मी, माझी पत्नी, माझा मेहुणा आणि त्याची पत्नी. तीनशे तीस मिलिलिटरची एक बाटली चार पेल्यांत ओतायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी मिलिलिटर येतात. बिअर पाच टक्क्यांची असेल तर संपूर्ण बाटलीत सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते. एकेका पेल्यात तीन ग्रॅमांहून थोडे अधिक. एका बैठकीत तीनपेक्षा अधिक बाटल्या उघडायच्या नाहीत. प्रत्येकाने आपले टिपण स्वतंत्र लिहायचे आणि चौघांचे लिहून होईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही. एकाने "केळ्याचा वास येतो" असे मोठ्याने म्हटले की उरलेल्या तिघांना केळेच दिसू लागते, वॉर्डातील राउंडला वरिष्ठांनी "मर्मर ऐकू येतो ना?" असे विचारल्यावर सगळ्या निवासी डॉक्टरांना तो ऐकू येतो, तसेच हे.

बिअर प्रथम नाकाने आणि मग जिभेने तपासायची असते. जिभेच्या टोकावर गोड, कडेला आंबट आणि मागे कडू असा जो नकाशा आपण शाळेत काढला, तो निराधार आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने चवींच्या संवेदनक्षमतेतील अगदी किरकोळ फरक नोंदविले होते; पुढे त्यांचा विपर्यास होऊन तो नकाशा पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. पाचही मूलभूत चवी जिभेच्या सर्व भागांना कळतात. आपण ज्याला 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावून पाहावा. नाक सोडेपर्यंत तो वेलदोडा आहे हे कळत नाही. यामुळेच बर्फासारखी गार बिअर चाखण्यास निरुपयोगी ठरते. गारव्यात वासाचे रेणू उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. फिक्या रंगाची बिअर सात-आठ अंशांवर आणि गडद रंगाची बारा अंशांच्या आसपास, असा आमचा प्रघात आहे.

कडवटपणाविषयी बालरोगतज्ज्ञाला दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. नवजात अर्भकाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला तर चेहरा सैलावतो. कडू थेंब ठेवला तर तोंड वासते, जीभ बाहेर येते. हे शिकवावे लागत नाही. निसर्गातील अनेक विषे कडू असतात आणि त्यांची वर्दी देण्यासाठी माणसाच्या जिभेवर कडू चवीचे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांतील काहींत वंशपरत्वे फरक असतो. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसीची भुकटी उडाली, शेजाऱ्याला ती कडू लागली आणि त्याला स्वतःला काहीच लागली नाही. तेथून या अभ्यासास आरंभ झाला. सारांश, कारले, मेथी, कॉफी आणि बिअर यांची आवड उपजत नसते, ती लावून घ्यावी लागते. बाळाला वरचे अन्न सुरू करताना मी प्रत्येक आईस सांगतो, की नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून सोडू नका, आठ-दहा वेळा थोडाथोडा द्या. आमच्या मंडळाने हाच नियम सौम्य करून स्वीकारला आहे : तीन निरनिराळ्या दिवशी चाखल्याखेरीज कोणत्याही बिअरला नापास करायचे नाही.

बिअर म्हणजे पाणी, मोड आणलेले धान्य, हॉप्सची फुले आणि यीस्ट. धान्य बहुधा जव, म्हणजे बार्ली. मोड कशासाठी आणायचे, हे बडोदेकरांना समजावून सांगणे सोपे आहे. १९८०च्या दशकात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट पेजेत घातले की पेज पाहता पाहता पातळ होते आणि बाळाच्या लहानशा पोटात अधिक ऊर्जा जाते. आपल्या आज्या नाचणीचे सत्त्व करीत असत त्यामागे हेच तत्त्व आहे. मोडातील अ‍ॅमिलेज पिष्टाचे तुकडे पाडून साखर करते. बिअरच्या भट्टीतही पहिले काम हेच चालते : ६२ ते ७० अंशांच्या गरम पाण्यात दळलेला माल्ट भिजवायचा आणि अ‍ॅमिलेजला आपले काम करू द्यायचे. १८३३ साली पॅरिसमध्ये पायां आणि पेर्सो यांनी याच माल्टमधून 'डायास्टेज' वेगळे काढले; प्रयोगशाळेत वेगळे केलेले ते पहिले विकर. आजही आपण अपचनाच्या रुग्णाला ज्या पाचक सिरपाची चिठ्ठी लिहितो त्याच्या लेबलावर हे नाव असते.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते देशोदेशीच्या बिअरमधील भेदाचे मूळ प्रथम पाण्यात शोधावे. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे आपल्याकडे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. युरोपातील मद्यकारांनाही रसायनशास्त्राविना एवढे कळत होते, की आपल्या गावच्या पाण्यात अमुक एक बिअर साधते आणि तमुक साधत नाही. डब्लिन आणि म्युनिक येथील पाण्यात बायकार्बोनेट अधिक. त्यात फिक्या माल्टची बिअर केली तर खरखरीत, तुरट होते. माल्ट गडद भाजला की त्याच्या आम्लतेने तो दोष झाकला जातो. म्हणून ती दोन्ही गावे काळ्या-तपकिरी बिअरची झाली. इंग्लंडमधील बर्टन येथील पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा तेथे कोरडा, टोकदार उमटतो. आणि चेक प्रदेशातील पिल्सेन येथील पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके मऊ.

पिल्सेनची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८३८ साली तेथील बिअर इतकी बिघडली होती, की नागरिकांनी ३६ पिंपे नगरभवनासमोर गटारात ओतून दिली. मग गावकऱ्यांनी स्वतःची भट्टी उभारली आणि योझेफ ग्रोल नावाचा बव्हेरियन मद्यकार बोलावला. त्याने थंड तळघरांत सावकाश आंबणारे बव्हेरियन यीस्ट, इंग्रजी पद्धतीच्या भट्टीत हलका वाळवलेला फिका माल्ट, जवळच्या झाटेत्स प्रांतातील सुगंधी हॉप्स आणि गावचे मऊ पाणी एकत्र आणले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लागला. जी बिअर निघाली ती सोनेरी, पारदर्शक होती. तोवर युरोपातील बहुतेक बिअर तपकिरी आणि गढूळ असत. जगात आज खपणाऱ्या बिअरपैकी बहुसंख्य बिअर हे त्या एका घाण्याचे दूरचे, बरेचसे पातळ झालेले वंशज आहेत.

प्रागच्या परिषदेला जोडून आम्ही पिल्सेनला गेलो होतो. तळघरात ओक लाकडाच्या पिंपातून न गाळलेली बिअर पाहुण्यांना देतात. माझ्या वहीतील टिपण असे आहे : "रंग जुन्या सोन्याचा, फेस बोटभर आणि टिकाऊ. वासात ताजा पाव, ओले गवत, मागे किंचित लोणी. आरंभी गोडवा, पुढे स्वच्छ कडवटपणा, घोट गिळल्यावर अर्धा मिनिट टिकतो." लोण्याचा वास डायअसिटिलचा, अन्यत्र तो दोष मानतात, येथे तो मर्यादेत राहून शोभतो. पत्नीने केवळ "पूर्ण" असा एक शब्द लिहिला होता. ती पॅथॉलॉजिस्ट असल्यामुळे तिचे अहवाल त्रोटकच असतात.

पाण्याचा हा सगळा खेळ आम्लतेचा आहे हे कळले ते कोपनहेगनमध्ये, आणि तेही बिअरच्याच पैशावर. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सन यांनी पीएचची मोजपट्टी मांडली. अतिदक्षता विभागात रात्री अडीच वाजता आपण धमनीतील रक्ताचा पीएच विचारतो तेव्हा ती मोजपट्टी एका बिअर कारखान्याची देणगी असते. तेथेच १८८३ साली केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली, आणि त्याच वर्षी एमिल हान्सन यांनी यीस्टची एक पेशी अलग करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविला. पाश्चरने १८७६च्या आपल्या बिअरविषयक ग्रंथात, बिघाड परक्या जंतूंमुळे होतो असे दाखवून दिलेच होते. बिअर 'आजारी' पडते ही कल्पना माणसाच्या आजाराकडे पाहण्यासही उपयोगी पडली. हान्सनचे यीस्ट कारखान्याच्या मालकाने, याकोबसेन यांनी, प्रतिस्पर्ध्यांनाही मोकळेपणाने दिले. हे थंडीत आंबणारे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक जनक आपले नेहमीचे पावाचे यीस्ट. दुसरा कोण हे मात्र २०११ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी तो अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या जंगलात, बीच वृक्षांवरील गाठींत सापडला. पुढे तो तिबेटमध्ये आणि इतरत्रही आढळला आहे.

बव्हेरियाचे नाव निघाले की १५१६ सालच्या शुद्धतेच्या फर्मानाचा उल्लेख होतोच : बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण ते आहे हेच कोणास माहीत नव्हते. शुद्धतेचे एवढे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते, की गहू भट्टीत न जाता पाव करणाऱ्यांकडे जावा हाही हेतू त्यामागे सांगितला जातो. आणि गव्हाची बिअर करण्याचा मक्ता पुढे राजघराण्यानेच आपल्याकडे ठेवला. १८७२ साली गेओर्ग श्नायडर यांना ती करण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ही गव्हाची बिअर मला विशेष प्रिय आहे. तिच्यात फळ नसते, मसाला नसतो. तरीही पेला नाकाशी नेताच पिकलेले केळे आणि लवंग यांचा वास येतो. दोन्ही यीस्टची करामत आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, आणि आपल्या बालरोगाच्या केळ्याच्या स्वादाच्या सिरपातही मुख्यतः तेच द्रव्य घालतात. माझे टिपण : "ओपीडीतील सिरप; पण सुसंस्कृत."

म्युनिकमध्ये माझी पुतणी राहते. तिच्या बाळंतपणानंतर शेजारच्या आजीबाईंनी माल्टबिअरचा एक क्रेट आणून दिला, दूध वाढावे म्हणून. पुण्याहून वहिनींचा मला रात्री फोन आला : "भाऊजी, तिथे बाळंतिणीला बिअर पाजतात म्हणे! मी तर हादरलेच. तुम्ही बोला तिच्याशी." हा समज जर्मनीपुरता नाही, अनेक देशांत आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे. जवातील एका बहुशर्करेमुळे प्रोलॅक्टिन वाढते असे दिसून आले आहे. परंतु अल्कोहोल ऑक्सिटोसिनला अटकाव करते, त्यामुळे पान्हा फुटण्यास विलंब लागतो. फिलाडेल्फियातील ज्यूली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आईने थोडे अल्कोहोल घेतल्यानंतर बाळांनी दूध कमीच घेतले. आईला मात्र बाळ नीट प्यायले असे वाटते. दुधातील अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः आईच्या रक्तातील प्रमाणाइतकेच असते, आणि नवजात यकृताला ते पचविण्याची पुरेशी शक्ती नसते.

पुतणीला मी बाटलीवरील लेबल वाचायला सांगितले. जर्मन माल्टबिअर आंबवलेली नसते म्हटले तरी चालेल. तिच्यात अल्कोहोल अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. "मग आळीव आणि डिंकाच्या लाडवांच्या पंगतीला बसव तिला," असे मी म्हटले, "खरी बिअर मात्र दूध तोडेपर्यंत नको." गरोदरपणाच्या बाबतीत तर घोटाचीही सवलत मी कोणास देत नाही. १९७३ साली सिएटलमधील जोन्स आणि स्मिथ यांनी गर्भावरील अल्कोहोलच्या परिणामांना नाव दिले, ते बारीक डोळे, ओठावरची सपाट पन्हळ आणि खुंटलेली वाढ एकदा पाहिली की विसरता येत नाही. माझ्या पत्नीने आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी पेल्याला हात लावला नव्हता; आमच्या मंडळाचा जन्म धाकटा शाळेत गेल्यावरचा आहे.

म्युनिकहून बाम्बर्ग या जुन्या गावी रेल्वेने जाता येते. तेथे श्लेंकर्ला या पानगृहात बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर मिळते. पाश्चात्त्य लेखक तिच्या वासाला मांसाची उपमा देतात. आमच्या शाकाहारी चमूने एकमुखाने "निखाऱ्यावर भाजलेले भरताचे वांगे" असे लिहिले. पूर्वी लाकडावर माल्ट वाळवीत तेव्हा कमीअधिक धूर बहुतेक बिअरना असणारच. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी कॉफीसारखा माल्ट भाजण्याचे फिरते पिंप काढले आणि काळ्या बिअरचा चेहरामोहरा बदलला.

ब्रुसेल्समधील लांबिक हा प्रकार मात्र सर्वस्वी वेगळा. सन १९०० पासून चालत आलेल्या कांतियों या भट्टीच्या माळ्यावर तांब्याचे एक उथळ, उघडे पात्र आहे. थंडीच्या महिन्यांत रात्रभर गरम रस त्यात निवत ठेवतात. त्यात यीस्ट कोणी घालीत नाही. हवेतून, तुळयांतून, जुन्या लाकडी पिंपांतून जे जंतू येतील तेच पाहुणे. आपल्या इडलीच्या पिठाला तरी कोण विरजण लावते? निर्जंतुकीकरणाच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसास त्या जळमटांनी भरलेल्या माळ्यावर प्रथम अस्वस्थ वाटले. कोळी तेथे मुद्दाम ठेवतात, ते किडे खातात म्हणून. पिंपात एक, दोन, तीन वर्षे मुरलेल्या रसांचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवतात, त्याला ग्यूझ म्हणतात. त्यातील प्रमुख जंतू ब्रेटानोमायसिस. १९०४ साली कार्ल्सबर्गच्याच क्लाउसन यांनी इंग्रजी बिअरमध्ये तो ओळखला, म्हणून त्याच्या नावात ब्रिटन आहे.

पहिल्या दिवशीचे माझे टिपण : "कैरी, लिंबाची साल, गोठा." मेहुण्याने "घोड्याचे ओले खोगीर" असे लिहून पेला सरकवला. दुसऱ्या दिवशी मला त्यात जुन्या ग्रंथालयाचा वास सापडला. तिसऱ्या दिवशी, जेवणापूर्वी, मेहुण्याच्या पत्नीने म्हटले, "ही बिअर समजून पिऊ नका, कांजी समजून प्या." त्या एका वाक्याने चौघांचेही मत पालटले. चवीचा निवाडा बव्हंशी अपेक्षेवर अवलंबून असतो. ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन, गायक नव्हे, यांनी १९७७ साली जागतिक बिअरविषयीच्या आपल्या पुस्तकात बिअरचे देशपरत्वे आणि प्रकारपरत्वे वर्गीकरण केले, त्याचे महत्त्व हेच : कुठल्या जातीचे फूल हुंगत आहोत हे आधी ठरवल्याविना ते चांगले की वाईट हे सांगता येत नाही. गुलाबाच्या मापाने मोगऱ्याला गुण देण्यात अर्थ नसतो.

इंग्लंडबद्दल थोडक्यात. तेथील पानगृहातील 'कोमट' बिअरची चेष्टा होते. ती कोमट नसते, तळघराच्या तपमानाची असते, आणि पिंपातच जिवंत यीस्टसह मुरलेली असते. आपल्याशी तिचा संबंध जुना आहे. लंडनच्या हॉजसनने आणि १८२०च्या दशकापासून बर्टनच्या भट्ट्यांनी हिंदुस्थानात जी फिकी, हॉप्सने भारलेली बिअर पाठविली, तिलाच पुढे इंडिया पेल एल हे नाव पडले. सहा महिन्यांच्या सागरप्रवासात टिकावी म्हणूनच तिचा शोध लागला, ही दंतकथा आहे. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती आणि गोरे शिपाई तीच पीत. पेल एल साहेबांच्या टेबलावर जाई. १८५०च्या दशकात एडवर्ड डायर याने कसौलीच्या थंड हवेत भट्टी घातली आणि हिंदुस्थानातच बिअर होऊ लागली. जालियनवाला बागेतील जनरल डायर हा त्याचाच मुलगा. डब्लिनची गिनेसही सर्वांच्या परिचयाची. तिच्या काळ्या रंगावरून ती पौष्टिक समजली जाते आणि एके काळी रक्तदात्यांनाही देत असत. प्रत्यक्षात एका पाइंटमध्ये लोह अर्धा मिलिग्रॅमही नसते. तिचे खरे उपकार वेगळे आहेत. १८९९ साली तेथे नोकरीस लागलेल्या विल्यम गॉसेट यांना थोड्या नमुन्यांवरून जव आणि हॉप्सविषयी निष्कर्ष काढायचे होते; त्यातून १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध प्रसिद्ध केला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी एमडीच्या प्रबंधात टी-टेस्ट लावून गुण मिळवले ते त्याच्या जोरावर.

फेसाविषयीही एक कटू नोंद वैद्यकात आहे. १९६५-६६ साली कॅनडातील क्वेबेक येथे भरपूर बिअर पिणाऱ्यांमध्ये हृदयस्नायूच्या विकाराची साथ आली. चाळीसहून अधिक रुग्ण, त्यांतील सुमारे वीस दगावले. फेस टिकावा म्हणून घातलेले कोबाल्ट, आणि जोडीला मद्यपींचे कुपोषण, हे त्याचे कारण निघाले. आम्ही फेसाला गुण देतो. तेव्हा ही गोष्ट मनात असते.

बाटलीच्या रंगालाही गुण द्यावे लागतात. हिरव्या वा पांढऱ्या काचेतून प्रकाश आत गेला की बिअरमधील रायबोफ्लेविन तो शोषून घेते, हॉप्सची कडू द्रव्ये मोडते आणि गंधकाचा एक उग्र वास सुटतो. तपकिरी काच बराचसा बचाव करते. काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले असता त्याच्या शरीरातील रायबोफ्लेविनही असेच प्रकाशाच्या तडाख्यात सापडते, हे माझ्या शाखेतील मंडळींना ठाऊक आहे.

पाणी, धान्य, जंतू यांइतकीच चव घडविणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कर. जपानमध्ये माल्टच्या प्रमाणानुसार कर बसत असे. १९९४ साली सन्टोरी कंपनीने माल्ट ६५ टक्क्यांवर आणून नवे पेय काढले, कारण कायद्याने ६७ टक्क्यांच्या वर गेले तरच ती बिअर. सरकारने मर्यादा बदलली, कंपन्यांनी माल्ट आणखी उतरवला. कराची ही तफावत २०२० पासून टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. टोकियोहून एका मित्राने आणलेला तसला एक डबा आम्ही मुंबईत उघडला होता. टिपण : "कागदाच्या पेल्यातला सोडा."

आपल्याकडे अनेक राज्यांत कर बाटलीच्या आकारमानावर बसत आला आहे, तिच्यातील अल्कोहोलवर नव्हे. त्याच पैशात अधिक नशा मिळत असेल तर गिऱ्हाईक ती घेणारच. म्हणून देशात खपणाऱ्या बिअरपैकी मोठा हिस्सा 'स्ट्राँग' असतो. दमणला एका संध्याकाळी आम्ही अशी एक बाटली आमच्या पद्धतीने तपासली. बर्फगार असताना चौघांनाही लिहिण्यासारखे काही सापडले नाही. पेला हातात धरून बारा अंशांवर येऊ दिला, तेव्हा उकडलेले मक्याचे कणीस, साखरेचा पाक आणि घशात स्पिरिटचा चटका अशी नोंद झाली. ही बिअर गारच का पितात ते तेव्हा कळले. बाटली ६५० मिलिलिटरची, लेबलावर आठ टक्के. हिशेब केला : ४१ ग्रॅम अल्कोहोल. शेजारच्या टेबलावर विशी-बाविशीतील चार मुले होती. प्रत्येकापुढे एक-एक अशी बाटली होती आणि पेला एकही नव्हता. पिल्सेनच्या अर्ध्या लिटरात साडेसतरा ग्रॅम असतात आणि चेक माणूस तो तास-दीड तास पुरवतो. तरीही दरडोई बिअरसेवनात चेक प्रजासत्ताक जगात आघाडीवर आहे आणि त्याचे मोल त्यांची यकृते देतातच, हेही सांगितले पाहिजे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. आमचे तीन ग्रॅमही त्यात आले. छंदाला औषध म्हणण्याचा मोह मी कधी केलेला नाही.

परिषदेस जाणारे तरुण सहकारी कधीकधी विचारतात, काय मागवावे? मी सांगतो : त्या गावची असेल ती, पिंपातली, लहान पेल्यात. काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून मांडलेली हिरवी बाटली घेऊ नये. आणि कोलोनला गेलात तर सावध राहावे. तेथे दोनशे मिलिलिटरच्या सडपातळ पेल्यात बिअर देतात, ती आमच्या मंडळास फार सोयीची; परंतु पेला रिकामा दिसला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. रिकाम्या पेल्यावर ती पुठ्ठ्याची चकती झाकेपर्यंत तो थांबत नाही.